माटुंग्याचा बेघर महारोग्यांचा आश्रम

मुंबईच्या जुन्या नकाशांत आणि सरकारी दफ्तरांत माटुंग्याच्या हद्दीत एका संस्थेची नोंद सापडते : 'होमलेस लेपर असायलम', म्हणजे बेघर महारोग्यांचा आश्रम. या नावात बेघरपणाचा शब्द पहिला आहे आणि व्याधीचा दुसरा. नाव ठेवणाऱ्यांनी हा क्रम विचारपूर्वक लावला असेल असे मी म्हणत नाही. तथापि देवळाच्या पायरीशी, पेढीच्या ओट्यावर, पुलाच्या आडोशाला जे आजारी जीव या शहरात पिढ्यानुपिढ्या पडून राहिले, त्यांच्याकडे शहराने कोणत्या दृष्टीने पाहिले हे समजून घेऊ लागल्यापासून या दोन शब्दांच्या क्रमाइतका बोलका पुरावा मला दुसरा आढळलेला नाही. माणसाला घर नाही ही गोष्ट शहराच्या डोळ्यांत आधी भरली. त्याला झाले काय ही चौकशी मागाहून झाली, आणि पुष्कळदा झालीच नाही.

हा आश्रम १८९० साली उघडला. आज ती संस्था वडाळ्याचे अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय म्हणून ओळखली जाते. 'महारोगी' हा शब्द आता सभ्य लेखनातून गेला आणि तो गेला हे चांगलेच झाले; परंतु ज्या काळाविषयी लिहावयाचे त्या काळाच्या तोंडी तोच शब्द होता, खेड्यापाड्यांत 'रक्तपिती' असेही म्हणत, म्हणून जेथे कागदपत्रांची भाषा सांगावयाची तेथे मी तो टाळलेला नाही.

घर नसल्यामुळे माणूस आजारी पडतो, हे आपण सहज मान्य करतो. महारोगाच्या बाबतीत बहुधा उलटे घडत असे : माणूस आजारी पडे आणि त्यामुळे त्याचे घर सुटे. व्याधी पूर्वजन्मीच्या पातकाचे फळ मानली गेली होती, आणि धर्मशास्त्राच्या टीकाकारांनी असाध्य कुष्ठ जडलेल्या पुरुषाला वडिलोपार्जित मिळकतीच्या वाट्यातून वगळून त्याच्यापुरती केवळ अन्नवस्त्राची तजवीज सांगून ठेवली होती. इंग्रजी न्यायालयांनी हिंदू कायदा म्हणून तोच जाबता पुढे चालविला, आणि वारशाची ही अपात्रता कायद्याने दूर होण्यास १९२८ साल उजाडावे लागले. पती अथवा पत्नीला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या विवाहविषयक कायद्यांत त्याहूनही कितीतरी अधिक काळ, २०१९ पर्यंत, टिकून होते. ज्याच्या अंगावर चट्टा उठला त्याचा जमिनीवरचा हक्क, शेजेवरचा हक्क आणि चुलीवरचा हक्क असे एकेक बंधन उसवत जाई; पंक्तीत पान वेगळे पडे, मग ओसरीवर अंथरूण पडे, मग गोठ्यात; आणि एखाद्या पहाटे तो इसम कोणालाही न सांगता बंदराची वाट धरी.

ती वाट मुंबईला येत असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर कापसाच्या तेजीने, गिरण्यांनी, आगगाडीने आणि कोकणच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या आगबोटींनी या बेटात माणसांचा लोंढा आणून सोडला. १८७२ च्या खानेसुमारीत सुमारे ६ लाख ४४ हजार असलेली वस्ती १८९१ मध्ये ८ लाख २१ हजारांवर गेली. रत्नागिरी जिल्ह्यात या रोगाचा प्रादुर्भाव अधिक होता. रत्नागिरीस दिनशा माणकजी पेटिट यांच्या औदार्याने महारोग्यांसाठी इस्पितळही उभे राहिले होते. पण ज्याला गावचे डोळे चुकवावयाचे त्याला जिल्ह्याच्या ठाण्यापेक्षा मुंबई बरी वाटणे स्वाभाविक होते. येथे कोणी कोणाला ओळखत नव्हते, आणि धर्म करणारे हात भरपूर होते. भायखळ्याच्या बेलासिस रस्त्यावरील सर जमशेटजी जीजीभाई यांच्या धर्मशाळेत आंधळे, पांगळे आणि जराजर्जर यांच्याबरोबर महारोग्यांनाही आसरा मिळे. तेथे जागा न मिळालेल्यांना देवळे, दर्गे, तलावांचे घाट आणि व्यापारी पेठांचे रस्ते मोकळे होते.

येथे व्याधीच्या स्वरूपाविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण रस्त्यावरच्या राहण्याने या रोगाला जे भयंकर रूप येते त्याचे मर्म त्यात आहे. या रोगाचे जंतू त्वचेखालच्या मज्जातंतूंना ग्रासतात आणि हातापायांची जाणीव हरपते. बोटे झडतात ती रोगाने कुजून झडतात असा समज शतकानुशतके होता. वास्तविक ज्या हाताला चटका कळत नाही तो हात तापलेल्या टोपाला धरून राहतो, ज्या तळव्याला खिळा टोचल्याचे कळत नाही तो तळवा खिळ्यासकट दिवसभर चालतो, आणि त्या जखमा चिघळून हाडापर्यंत जातात. विसाव्या शतकाच्या मध्यास वेल्लोरला पॉल ब्रँड या शल्यविशारदाने रुग्णांच्या हातांचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा रात्रीत नाहीशा होणाऱ्या बोटांचे एक कारण असे निघाले की झोपलेल्या माणसाची बधिर बोटे उंदीर कुरतडीत. रुग्णांच्या निजण्याच्या जागी मांजरे पाळण्याचा उपाय तेथे करण्यात आला. हे वाचल्यापासून मुंबईच्या धान्यबाजाराजवळच्या गटारांची आणि त्यांच्या काठी पोत्यावर निजलेल्या माणसांची आठवण मला कधीही स्वस्थ राहू देत नाही. चार भिंती आणि जमिनीपासून हातभर उंच अशी एक खाट एवढ्याने कित्येकांची बोटे वाचली असती.

आणि ही मुंबई वैद्यकीय ज्ञानात मागासलेली नव्हती. १८४५ साली जीजीभाई इस्पितळ आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले होते. त्या महाविद्यालयाच्या पहिल्या पदवीधरांपैकी डॉक्टर भाऊ दाजी लाड, ज्यांची ख्याती आज मुख्यतः प्राचीन लेखांचे वाचक आणि संशोधक म्हणून उरली आहे, ते महारोगावर औषध शोधण्यात कित्येक वर्षे गढलेले होते. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारावर ज्याला कडू कवठ म्हणतात त्या झाडाच्या बियांचे तेल त्यांनी रुग्णांवर वापरले. पुढे सारे जग ज्याला चालमोगरा म्हणून ओळखू लागले त्याच कुळातील ही वनस्पती. भाऊ १८७४ मध्ये निवर्तले. त्यांच्या हयातीत या उपचाराची शास्त्रीय कसोटी पुरी झाली नाही.

त्याच इस्पितळाच्या आवारात हेन्री व्हॅनडाइक कार्टर नावाचा इंग्रज वैद्य याच रोगाच्या पाठीस लागला होता. शरीररचनाशास्त्रावरील ग्रे यांच्या सुप्रसिद्ध ग्रंथातील चित्रे या कार्टरची. नॉर्वेतील बर्गन येथे हॅन्सन याने १८७३ मध्ये या रोगाचे जंतू पाहिले, आणि कार्टर त्याच सुमारास नॉर्वेत जाऊन ते काम प्रत्यक्ष पाहून आला. रोग वंशपरंपरेने येतो की संसर्गाने, या वादात तो संसर्गाच्या बाजूस झुकला आणि नॉर्वेप्रमाणे येथेही रुग्णांसाठी स्वतंत्र आश्रम काढावेत असा त्याने सरकारकडे आग्रह धरला. म्हणजे गिरगाव आणि भायखळा यांच्या दरम्यान, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एक मराठी आणि एक इंग्रज वैद्य त्या काळच्या जगातील उत्तमांत गणता येईल असे काम या रोगावर करीत होते. त्यांच्या दारावरून जो रुग्ण खुरडत जाई, त्याच्यापर्यंत मात्र यांतले काही पोहोचण्याची व्यवस्था नव्हती. त्याच्यापर्यंत पहिल्याने पोहोचला तो पोलीस शिपाई.

ते कसे घडले हे पाहण्यासारखे आहे. १८८९ मध्ये हवाई बेटांतील मोलोकाई येथे महारोग्यांची सेवा करणारे फादर डेमियन त्याच रोगाने मृत्यू पावले, आणि या वार्तेने इंग्लंडात करुणेबरोबरच मोठी धास्ती उत्पन्न झाली. साम्राज्यात असे रोगी किती, ते कोठे कोठे वावरतात, अशी पृच्छा सुरू झाली. मुंबईतही वर्तमानपत्रांतून आणि सभांतून रस्त्यावरच्या महारोग्यांविषयी ओरड होऊ लागली. या वेळी मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ.

मराठी वाचकाला हे नाव दुसऱ्याच कारणाने ठाऊक असावयास हवे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने ज्यांनी गोंधळ्या-शाहिरांच्या मुखातून ऐतिहासिक पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापविले आणि पुढे १८९४ मध्ये त्यांतील काहींची इंग्रजी रूपांतरे प्रसिद्ध केली, तेच हे अ‍ॅक्वर्थ. डफाची साथ घेऊन दारोदार फिरणाऱ्या माणसांजवळचे धन ज्याला ओळखता आले, त्यानेच दारोदार फिरणाऱ्या दुसऱ्या एका वर्गासाठी भिंती उभारल्या. या दोन कामांत मला विसंगती वाटत नाही. अ‍ॅक्वर्थ यांना या माणसांची कणव होती याविषयी शंका घेण्याचे कारण नाही; लोकांकडून वर्गणी जमवून अल्पावधीत त्यांनी माटुंग्यास, जेथे पूर्वी तोफखान्याची छावणी असे त्या मोकळ्या मैदानी भागात, आश्रम उभा केला आणि त्याला स्थैर्य आणून दिले. आपल्याकडे परकी अंमलदारांविषयी लिहिताना एक तर पूजा घडते किंवा निंदा. अ‍ॅक्वर्थ यांच्या बाबतीत दोन्ही अन्यायाची होतील.

मात्र माणसे आश्रमात आणण्यासाठी जे हत्यार वापरण्यात आले त्याकडे लक्ष दिले पाहिजे. १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यात घातक रोगाने पीडित इसमास इस्पितळात हलविण्याचा अधिकार कमिशनरला दिलेला होता, आणि तो कोणाच्या बाबतीत चालवावयाचा हेही तेथे सांगितले होते : ज्याला योग्य निवारा नाही, अथवा जो अनेक कुटुंबांच्या सामाईक इमारतीत राहतो. निवारा असलेल्या आणि स्वतंत्र बंगल्यात राहणाऱ्या रोग्याच्या दाराशी हे कलम थांबत असे. रोग तोच, जंतू तेच. पण छप्पर असले म्हणजे तो कुटुंबाचा खासगी विषय आणि छप्पर नसले म्हणजे तो शहराच्या बंदोबस्ताचा विषय, अशी ही वाटणी होती.

आश्रमाच्या आतील जीवन, तेथवर येऊन पोहोचलेल्या पुष्कळांना, बाहेरच्यापेक्षा निःसंशय बरे होते. आवारात देऊळ, मशीद आणि चर्च अशी तिन्ही प्रार्थनास्थाने होती. जखमा धुऊन पट्ट्या बांधल्या जात, दोन वेळचे अन्न मिळे, ज्यांच्या अंगात बळ होते ते शेतीत राबत. ही शेती आश्रमाच्याच सांडपाण्यावर होई, आणि येथे या संस्थेच्या इतिहासातील एक विलक्षण प्रकरण सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. १८९७ च्या सुमारास मैलापाणी साठविण्याच्या बंद टाक्यांतून निघणारा वायू धरून तो दिव्यांसाठी जाळण्याचा प्रयोग माटुंग्यास करण्यात आला. आज ज्याला आपण गोबर गॅस म्हणून ओळखतो त्याच्या भारतातील इतिहासाचा हा आरंभ होय. जगभरच्या पुस्तकांत या प्रयोगाचे साल १८५९ असे छापले जाते आणि एकाचे पाहून दुसरा ते उतरवून घेतो. परंतु जो आश्रमच १८९० मध्ये निघाला त्यात १८५९ मध्ये दिवे लागणार कसे, एवढा साधा हिशेब कोणी केलेला दिसत नाही. समाजाने ज्यांना अमंगळ ठरविले त्यांच्या आवारात, ज्या वस्तूचे नावही घेण्याची किळस यावी तिच्यातून, उजेड निर्माण झाला होता.

आश्रमाचे वैद्यकीय काम डॉक्टर नसरवानजी होरमसजी चोक्सी पाहत. पुढे प्लेगच्या दिवसांत आर्थर रोडच्या सांसर्गिक रोगांच्या इस्पितळाची जबाबदारी त्यांच्यावरच आली, आणि ज्या तत्त्वावर माटुंग्याचा आश्रम चालला तेच तत्त्व साऱ्या शहरावर लावले तर काय होते हे त्यांना जवळून पाहावे लागले. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवीच्या वस्तीत डॉक्टर व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरच्या प्रारंभी तत्कालीन कमिशनर स्नो यांनी जाहीरनामा काढून प्लेगच्या रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलविण्याचा हुकूम दिला. आता एखाददुसऱ्या भिकाऱ्याचा प्रश्न नव्हता; चाळीतल्या बिऱ्हाडातून आई, भाऊ, मूल उचलून नेले जाऊ लागले. त्याच महिन्याच्या अखेरीस सुमारे हजार गिरणीकामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला, आणि दुसऱ्याच दिवशी कमिशनरला हुकूम सौम्य करावा लागला. निम्म्याच्या आसपास शहर पळाले. तो सर्व वृत्तांत आपल्या परिचयाचा आहे, म्हणून लांबवीत नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे की ज्यांना चाळ होती, शेजार होता, मुकादम आणि जातभाई होते, त्यांनी दगड उचलले आणि हुकूम फिरला. सहा वर्षांपूर्वी माटुंग्यास नेलेल्यांच्या वतीने एकही दगड उचलला गेला नव्हता.

यानंतर दोन वर्षांच्या आतच, १८९८ मध्ये, हिंदुस्थान सरकारने महारोग्यांविषयीचा, त्या सालचा तिसरा, कायदा संमत केला. तो मी प्रथम वाचला तेव्हा त्याच्या व्याख्यांपाशी बराच वेळ अडून राहिलो. महारोगी म्हणजे ज्याच्या अंगावर व्रण चिघळू लागले आहेत असा रोगी, ही पहिली व्याख्या. म्हणजे रोगाचा आरंभ, ज्या अवस्थेत वैद्याला काही करता येण्याची आशा, ती कायद्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. दुसरी व्याख्या निर्धन महारोग्याची : जो उघड्यावर भीक मागतो, अथवा दान मिळावे म्हणून आपले व्रण वा व्यंग दाखवितो, अथवा ज्याला उपजीविकेचे दिसण्यासारखे साधन नसून जो मोकळा फिरतो. अशा इसमास वॉरंटावाचून पकडण्याची मुभा पोलिसांस होती. महारोग्यांचा निरीक्षक त्याला तपासून दाखला देई आणि मॅजिस्ट्रेट त्याची रवानगी आश्रमात करी. तेथून सुटका अधिकाऱ्यांच्या हुकुमावाचून नाही. परंतु एखाद्या नातलगाने वा मित्राने लेखी हमी दिली, की मी याचा सांभाळ करीन आणि याला उघड्यावर भीक मागू देणार नाही, तर मॅजिस्ट्रेटला त्याला त्यांच्या स्वाधीन करता येत असे.

शिवाय सरकारने ठरविलेल्या हद्दीत अशा रोग्याला खाण्यापिण्याचे पदार्थ विकण्याची, सार्वजनिक विहिरीवर वा तळ्यावर पाणी भरण्याची अगर अंग धुण्याची, आणि आगगाडी वगळून भाड्याच्या वाहनात बसण्याची बंदी करता येई. ज्याने दोन पैसे मिळवावेत असे हलके धंदे त्याला बंद, ज्याने जखम धुवावी ते पाणी बंद; आणि मग उपजीविकेचे साधन दिसत नाही म्हणून अटक. कायदा करणारे दुष्ट होते असे मला वाटत नाही. त्यांनी रोग्याला रस्त्याच्या बाजूने पाहिले, पादचाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिले, आणि जे पादचाऱ्याला खुपते ते दूर केले. हमीपत्राचे कलम तर मला फार बोलके वाटते. बाहेर राहण्यासाठी रोगातून बरे होण्याची आवश्यकता नव्हती, कोणाचे तरी असण्याची होती. आणि तो ज्या घरातून निघाला होता तेथून कागदावर सही करण्यास कोण येणार होते?

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. १९४१ मध्ये अमेरिकेतील कार्व्हिल येथे सल्फोन वर्गातील औषध या रोगावर प्रथमच गुणकारी ठरले, आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत डॅप्सोनची स्वस्त गोळी हिंदुस्थानातही पोहोचली. १९८० नंतर तीन औषधांचा एकत्र उपचार आला. त्याने सहा महिन्यांत अथवा वर्षभरात रोग समूळ जातो आणि पहिल्या काही मात्रांनंतर संसर्गाची भीतीही उरत नाही. बहुसंख्य माणसांना तर या जंतूंची बाधा मुळात होतच नाही. ज्या भीतीवर आश्रमांच्या भिंती उभ्या होत्या तिचा पाया असा निघून गेला; पण १८९८ चा कायदा आपल्या कायदेपुस्तकातून पूर्णपणे काढून टाकण्यास २०१६ साल यावे लागले.

या काळात महाराष्ट्राने दुसरी एक वाट निर्माण केली, आणि ती विदर्भाने केली याचा उल्लेख अभिमानाने केला पाहिजे. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम काढले. अमरावतीस डॉक्टर शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभारले. सेवाग्रामला परचुरेशास्त्री या व्याधिग्रस्त विद्वानाला गांधीजींनी आपल्या झोपडीशेजारी ठेवून घेतले आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगाला तेल चोळले. आणि वरोऱ्यास, पावसात रस्त्याच्या कडेला मरणासन्न पडलेल्या तुळशीराम नावाच्या रोग्याला पाहून मुरलीधर देवीदास आमटे नावाचा एक धडधाकट, निर्भय वकील भ्याला, घरी निघून गेला, आणि पुन्हा परत आला. बाबा आमट्यांचे आनंदवन सर्वांना ठाऊक आहे. माझे मन मात्र नेहमी त्या दोन खेपांमधल्या अंतरावर जाते. परत येऊन त्यांनी आधी केले काय, तर भिजणाऱ्या देहावर आडोसा धरला. माटुंग्याचा आश्रमही आडोसाच होता. तेथे तो अटकेच्या मार्गाने मिळे आणि येथे तो माणूस जेथे पडला होता तेथेच त्याच्यावर धरला गेला, हा भेद मला लहान वाटत नाही.

मुंबईने विदर्भाचा कित्ता गिरविला नाही. १९५९ च्या भिक्षा-प्रतिबंधक कायद्यात भीक मागणे म्हणजे काय हे सांगताना जखम, व्यंग अथवा रोग दाखवून दान मिळविणे, तसेच उपजीविकेचे दिसण्यासारखे साधन नसता सार्वजनिक जागी भटकणे अगर थांबून राहणे, हे प्रकार पुन्हा अवतरले. १८९८ च्या कायद्याचा मसुदा जणू साठ वर्षांनी तसाच दुसऱ्या कागदावर उतरला. बदलले ते एवढेच की आता त्यासाठी महारोगी असण्याचीही गरज राहिली नाही. अशी पकडलेली माणसे चेंबूरच्या भिक्षेकरी केंद्रात जाऊ लागली. १९८१ च्या भर पावसाळ्यात फूटपाथवरच्या झोपड्या मोडून माणसांना त्यांच्या मूळ गावी धाडण्याचा हुकूम झाला, त्यावरून खटला झाला, आणि १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे घोषित केले. त्या निवाड्यातही फूटपाथवर राहण्याचा हक्क कोणास मिळाला नाही; आगाऊ सूचना मिळण्याचा मिळाला. परळला कर्करोगाच्या इस्पितळाबाहेर परप्रांतांतून आणि मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली कुटुंबे, कोणी पिशवीत तपासणीचे कागद जपीत, कोणी स्टोव्हवर भात शिजवीत, फूटपाथवर दिवस काढताना आजही दिसतात. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा त्यांतल्या काहींना सामावून घेते. स्वतः फुटके मडके घेऊन हिंडलेल्या त्या संताला आजारी परगावकऱ्याची पहिली गरज कळली होती.

काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या सामाजिक कार्यकर्त्याबरोबर मी एका सार्वजनिक दवाखान्यात गेलो होतो. सकाळी केसपेपरच्या खिडकीपुढे रांग होती. आमच्या पुढे पन्नाशीचा एक गृहस्थ उभा होता. पायात टायरच्या चपला, एका तळव्याला फडके गुंडाळलेले, आणि डाव्या हाताची करंगळी व तिच्याजवळचे बोट आत वळलेले. खिडकीतल्या कारकुनाने नाव लिहिले, वय लिहिले, आणि मान वर न करता विचारले, "काका, पत्ता?"

"पुलाखाली, साहेब."

"कुठल्या पुलाखाली? रूम नंबर, चाळ, काहीतरी सांगा ना."

त्या गृहस्थांनी मागे वळून आमच्याकडे पाहिले. कारकून वाईट नव्हता. रकाना कोरा ठेवला तर पुढे औषधाचा हिशेब लागत नाही, रोगी मध्येच येईनासा झाला तर शोधावयाचे कोठे, ही त्याची अडचण खरी होती. रांग खोळंबली. मागून कोणीतरी खाकरले. शेवटी गृहस्थ म्हणाले, "तिथं चहाची टपरी आहे. तो ओळखतो मला. त्याला विचारलं तर सांगेल."

कारकुनाने क्षणभर पेन थांबविले आणि रकान्यात लिहिले : पुलाखाली, चहाच्या टपरीजवळ.

तपासणीत करंगळीच्या बाजूच्या हाताला टोचलेले कळत नव्हते. पाठीवर दोन फिकट चट्टे होते. औषधाचे महिन्याचे पाकीट मिळाले. ते ठेवावयाचे कोठे हा प्रश्न निघाला, कारण पुलाखाली पाऊस आडवा येतो आणि उशाशी ठेवलेले काही सकाळपर्यंत राहत नाही. ते पाकीट टपरीवर राहिले. पुढच्या महिन्यात मी तेथे चहा प्यायला थांबलो, तेव्हा टपरीवाल्याने न विचारताच फळीवरचा साखरेशेजारचा पत्र्याचा डबा काढला, झाकण उघडून मला दाखविले, आणि म्हणाला की काका रोज सकाळी पहिला कटिंग घेतात तेव्हाच मी गोळी हातावर ठेवतो, आज सकाळचीसुद्धा झाली. पाकिटात शेवटच्या तीन गोळ्या उरल्या होत्या.